तीस दिवस फुकट

"राँग नंबर," म्हणालो आणि फोन कापला. सकाळचे साडेअकरा वाजले होते. समोर पडद्यावर करड्या रंगाचं नवंकोरं सॉफ्टवेअर उघडं होतं, वरच्या कोपऱ्यात 'चाचणीचे तीस दिवस शिल्लक' अशी बारीक अक्षरांतली पाटी, आणि ताल मोजणारी ती टिकटिक यात बंद कुठून करतात ते मी शोधत होतो. फोनचा नंबर अनोळखी होता. पलीकडून कोणीतरी म्हणालं, "मी बोलतेय." आवाज असा, की पत्र्यावर कोणी वाळू ओततंय. बाई की बाप्या तेही धड कळेना, 'बोलतेय' म्हणाली म्हणून बाई. "मी म्हणजे कोण?" मी विचारलं. "अरे, मी." असली कोडी सोडवायला मला कामाच्या वेळी सवड नसते. फोन कापून मी टिकटिकीकडे वळलो, ती सापडली, बंद केली, आणि एक मोठा किल्ला सर केल्यासारखा चहा प्यालो. चहा संपतोय तोवर भावोजींचा मेसेज आला. 'फोन तिचाच होता. स्पीच थेरपिस्टच्या दवाखान्यातून केला होता. त्यांनी सांगितलं, जो माणूस तुम्हाला चांगला ओळखतो त्याच्याशी पहिल्यांदा फोनवर बोला. तिने तुला लावला.' भावोजी रागावत नाहीत. ते फक्त पूर्णविराम देतात.

मी कानावर जगणारा माणूस. स्वयंपाकघरात चमचा पडला तर तो कुठल्या सुरात पडला ते मी इथून सांगतो. वरच्या मजल्यावर कोण चालतंय, लिफ्ट आज रिकामी आली की भरलेली, बायको कपाट उघडतेय ते साडीसाठी की माझ्यावरचा राग काढण्यासाठी, सगळं कळतं. आणि जिच्या मांडीवर डोकं ठेवून मी ऐकायला शिकलो, त्या सख्ख्या बहिणीला मी राँग नंबर म्हणालो. मी घाईघाईने तोच नंबर परत लावला. पलीकडच्या बाईने "एक मिनिट हं" म्हणून मला थांबवून ठेवलं आणि कानात संगीत सुरू झालं. आठ मात्रांचं, गोडगोड, पियानो आणि बासरी, फिरून फिरून तेच. ते मीच केलेलं आहे. तो दवाखाना ज्या हॉस्पिटलात आहे, तिथल्या सगळ्या फोनांवर तेच वाजतं. आयुष्यात माझं सर्वांत जास्त ऐकलं गेलेलं संगीत ते हेच, आणि ऐकणारा प्रत्येक माणूस ते कधी थांबतंय याचीच वाट बघत असतो. मी तीन वेळा सगळं ऐकलं. बासरी किंचित मोठी झाली होती हेही माझ्या लक्षात आलं, म्हणजे तेवढा कान शाबूत होता.

"बारक्या," ती आली. मी एकोणपन्नास वर्षांचा, कमरेला छत्तीसची पँट होत नाही, तरी मी बारक्याच. "ओळखलं नाहीस ना?"

"लाइन खराब होती गं ताई."

"लाइन चांगली होती." मग ती थांबली. शब्द संपला की तिला आता पुढच्या शब्दासाठी आतून काहीतरी ओढून काढावं लागत होतं, ते ऐकू येत होतं. तीन महिन्यांपूर्वी घशाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी भेटायला गेलो होतो, पण तेव्हा बोलायला मनाई होती, ती पाटीवर लिहायची. आवाज येईल परत, असं डॉक्टर म्हणाले होते. आला तो हा. "ऐक. दिवसाला दहाच मिनिटं बोलायची परवानगी आहे मला. ते माझं गाणं दे."

"कुठलं?" मी म्हणालो. कुठलं, हे मला नाही तर कोणाला माहीत असणार.

"एकच तर आहे. मला ऐकायचंय, आवाज कसा होता. मनातल्या मनात गाऊन बघते ना, तर तिथेही आता हाच येतो." पुन्हा ओढून काढणं. "विसरत चाललेय रे."

समोरच्या पाटीवर नजर गेली आणि मी म्हणालो, "देतो. जरा सॉफ्टवेअर बदलतोय, जुनं बंद पडलंय. तीस दिवस लागतील." तीस हा आकडा माझा नव्हता. पडद्यावर लिहिला होता तो मी वाचून दाखवला.

जुनं खरोखरच बंद पडलं होतं, एवढं तरी खोटं नव्हतं. वीस वर्षं ज्या सॉफ्टवेअरवर मी साबणाच्या, पंख्याच्या, विम्याच्या जाहिराती बनवल्या ते काढणारी कंपनीच गुंडाळली गेली होती, आणि गेल्या आठवड्यात संगणकाने मला न विचारता स्वतःला अद्ययावत करून घेतलं तेव्हा त्याने जुन्याला घरात घ्यायला नकार दिला. आता नवं निवडायचं. म्हणजे काय करायचं, हे या धंद्यात नसलेल्याला सांगून पटणार नाही. इंटरनेटवर उंटावरचे शहाणे हजारोंनी बसलेले आहेत आणि सगळे एकच वाक्य सांगतात, की सर्वांत चांगलं असं काही नसतं, तुमच्या कामाच्या पद्धतीला जुळेल ते घ्या. मी तीन उतरवून घेतली, एकाच सकाळी, तिन्हींची मुदत तीस दिवस. नावं लक्षात ठेवायचा कंटाळा, म्हणून पडद्याच्या रंगावरून मी त्यांना करडं, निळं आणि काळं म्हणायला लागलो. करड्यात काळ डावीकडून उजवीकडे पसरलेला असतो. माणसं आणा, गाऊन घ्या, कापा, जोडा, असा त्याचा सरळ संसार. निळ्यात तुकडे असतात, डब्यात डबे, हवा तो वाजवा, पुढचं पुढे बघू. काळ्यात सगळं असतं, इतकं की हवं ते सापडत नाही. मी तिन्हींत रिकामी पानं तयार केली, प्रत्येक आवाजाच्या पट्टीला रंग दिले, गळ्याला पिवळा, तालाला तांबडा, आणि तीन दिवस एक सूर न वाजवता फार काम केल्यासारखा थकलो. बायको दारात येऊन उभी राहिली. ती एका बँकेत माणसांना नाही म्हणण्याच्या खात्यात आहे, घरी आल्यावरही तिची ती हातोटी जात नाही.

"झालं का रंगकाम?"

"निवडतोय. घाईत घेतलं की पस्तावायला होतं."

"मला बघायला आलास तेव्हा अर्ध्या तासात हो म्हणालास."

"तेव्हा चाचणीची सोय नव्हती."

"असती तर मीही तीस दिवस बघितलं असतं," ती म्हणाली, आणि जाता जाता, "ताईंचं गाणं दिलंस का?"

कामाची पद्धत. हा शब्द घेऊन मी त्या आठवड्यात फार बसलो. माझी कामाची पद्धत काय आहे? नाचता येईना अंगण वाकडं, ही आहे. आणि मी इतका निगरगट्ट, की अकरा वर्षं अंगणंच बदलत आलो. ताईचं गाणं अकरा वर्षांपूर्वी घेतलं, याच खोलीत. शब्द तिचेच होते, चाल माझी. ती तेव्हा एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत काचा धुण्यापासून नोंदी ठेवण्यापर्यंत सगळं करायची, आणि सलग चार दिवस दुपारी सुटल्यावर इथे यायची. खिडकीला गादी लावली होती, पंखा बंद, घामाने आम्ही दोघं निथळत होतो. चपला बाहेर, आणि बांगड्या वाजतात म्हणून त्या काढून तिने माझ्या कीबोर्डवर डाव्या कडेला ठेवल्या होत्या, तिथे अजून एक ओरखडा आहे. डोळे मिटून गायची. चौथ्या दिवशी म्हणाली, "झालं की सांग हं." घाई नव्हती तिला. घाई नसलेल्या माणसाचं काम कधीही होत नाही, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मला तिच्या आवाजाभोवतीचा घुमारा पटेना. मग पियानो पटेना, तो डबड्यासारखा वाजतोय असं वाटायचं. मग असं वाटायला लागलं की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये हे व्हायचंच नाही, चांगलं घेतलं की एका दिवसात होईल. ताई कधी भेटली तर विचारायची नाही, फक्त निघताना चप्पल घालताना माझ्याकडे बघायची. मीच मग सांगायचो, यंदा नक्की.

बाराव्या दिवशी करड्याने जुन्या फाइलीचं कुलूप उघडलं. हे काम निळ्याला जमलं नव्हतं आणि काळ्याने मला चार पानी सूचना वाचायला दिली होती. करड्याने मात्र कुरकुर न करता सगळं मांडून दाखवलं. पियानोची पट्टी, तालाची पट्टी, आणि पिवळ्या रंगात एकच पट्टी, 'ताई_अंतिम_खरंच_अंतिम'. एकच. मी फाइलींच्या कप्प्यात गेलो. तिथे चार दुपारींच्या एकवीस फाइली असायला हव्या होत्या, कच्च्या, पंखा बंद करण्याआधीच्या कुरकुरीसकट, तिच्या "थांब, परत घेते"सकट. कप्प्यात काही नव्हतं. आणि मग एकेक आठवायला लागलं, खरं म्हणजे विसरलो कधी नव्हतोच, फक्त तिकडे जात नव्हतो. नऊ वर्षांपूर्वी असंच एक सॉफ्टवेअर मी तीस दिवसांसाठी उतरवलं होतं. त्याच्यासोबत एका भव्य सभागृहातला पियानो फुकट मिळत होता, प्रत्येक पट्टीचा प्रत्येक सूर नोंदवलेला, आणि तो ठेवायला डिस्कवर जागा नव्हती. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती, 'न वापरलेल्या फाइली काढून टाका'. गाण्यात वापरलेली फाइल एकच होती, ती अंतिम. बाकीच्या एकवीस, यंत्राच्या हिशेबी, न वापरलेल्या. नक्की काढायच्या का, असं त्याने विचारलंही होतं. यंत्रं निदान विचारतात तरी. तो पियानो मी पंचवीस दिवस वापरला आणि मग तोही काढून टाकला, बटबटीत वाटला म्हणून.

मग मी काय करायचं ते सगळं केलं. जुन्या डिस्का, खोकी, कपाटाच्या माथ्यावरची पिशवी. एका सीडीच्या वेष्टनावर माझ्या हातचं अक्षर सापडलं, 'ताई, कच्चं', आणि दोन मिनिटं मी देव मानायला तयार होतो. वेष्टन रिकामं होतं. त्या दुपारी मी उरल्यासुरल्या सगळ्या फाइलींच्या दोन-दोन नकला करून दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवल्या, बैल गेला आणि झोपा केला.

पण ती अंतिम फाइल तर होती ना, असं कोणी म्हणेल. बायको म्हणालीच. "आहे ना एक? मग तीच दे की." तिला मी ताकास तूर लागू दिली नाही. त्या फाइलीत ताई नव्हती, आणि ती मीच काढली होती. हे सांगायचं तर फार मागे जावं लागतं, बाबांच्या पेटीपर्यंत. बाबा दोन्ही हातांनी पेटी वाजवायचे आणि मागचा भाता मी मारायचो. समोर ताई. माझं नाक तेव्हापासून चोंदलेलं, तोंडाने श्वास घ्यायचो, त्यात एक बारीक शिट्टी असते, बायको अजून त्यावरून बोलते. ताईचा आवाज चांगला होता असं म्हणणं म्हणजे पाणी ओलं असतं म्हणण्यासारखं आहे. ती गायला लागली की शेजारच्या घरातली भांडी थांबायची. फक्त तिचा गंधार. तो ती थेट लावायचीच नाही, खालून यायची, एक केस खाली, आणि कधीकधी तिथेच राहायची. बाबांना ते आवडायचं की खटकायचं, देव जाणे, ते डोळे मिटून घ्यायचे. मला मात्र तो खाली लागलेला सूर दरवेळी कळायचा. आठ वर्षांचं पोर मी, गळा नाही, नाक बंद, पण सूर असा पक्का की पेटीलाही लाजवेल. एकदा मी भाता थांबवून म्हणालो, "बाबा, ताईचा गंधार कमी आहे." बाबा म्हणाले, "तू भाता मार." मी भाता मारला. खरं सांगायचं तर तो मी अजून मारतोय. मला तिचा हेवा वाटायचा, साधा, उघडा, शेंबडा हेवा, आणि तो इतकी वर्षं मी चांगल्या कानाच्या नावाखाली जपून ठेवला.

म्हणून गाणं घेऊन झाल्यावर मी तिचा आवाज दुरुस्त केला. त्यासाठी एक अवजार असतं. प्रत्येक सूर पडद्यावर एका ठोकळ्यासारखा दिसतो, रेषेच्या जरा वर, जरा खाली, आणि तो बोटाने उचलून रेषेवर बसवायचा. तांदूळ निवडायला बसावं तसा मी अकरा दिवस बसलो. गाण्यात गंधार चौसष्ट वेळा येतो. चौसष्टही वर ओढले. मग दिसलं की आता बाकीचे सूर त्यांच्या शेजारी वाकडे वाटतायत, तेही सरळ केले. मग श्वास. दोन ओळींच्या मधे ती श्वास घ्यायची तो मला धापेसारखा वाटायचा, तोही प्रत्येक ठिकाणी कापला. शेवटी एक आवाज तयार झाला, स्वच्छ, कुठेही बोट ठेवायला जागा नसलेला, आणि मला आठवतं, मी हात झटकून मनात म्हणालो, आता कसं. त्या वेळी मला फार आनंद झाला होता. ते गाणं मी तिला तेव्हाही दिलं नाही, हे मात्र माझं मलाच कधी नीट उमगलं नव्हतं. मी पियानोचं निमित्त केलं.

अठराव्या दिवशी ताईचा मेसेज आला. 'झालं?' एवढाच. बाविसाव्या दिवशी पुन्हा, 'झालं?' तोवर मी एक नवा उद्योग सुरू केला होता. करड्यात तेच दुरुस्तीचं अवजार आलं होतं, पूर्वीपेक्षा दहापट हुशार, आणि मी त्याच्या हातून ताईला परत बिघडवायला बसलो होतो. चौसष्ट गंधार एकेक करून खाली ओढायचे. पण किती खाली? केसभर म्हणजे किती, याला आकडा लागतो, आणि तो मी कधी मोजला नव्हता. मी आठवायचो, ओढायचो, ऐकायचो. कधी नुसता बेसूर वाटायचा, कधी कोणीतरी ताईची टिंगल करतंय असं वाटायचं. तिचं खालून येणं हे चुकणं नव्हतं, ते दार उघडण्याआधी हलकेच ढकलून बघण्यासारखं होतं, आणि हे मला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी एका यंत्राच्या पडद्यासमोर कळत होतं. ओळींच्या मधल्या रिकाम्या जागा तर भयाण वाटायच्या, श्वास न घेता गाणारं माणूस म्हणजे काय ते ऐकून बघावं. तिचे श्वास नव्हतेच, तेव्हा मी मायक्रोफोनसमोर उभा राहिलो आणि माझे घेतले. नाक शिंकरून, औषधाचे थेंब टाकून, जमेल तितके बारीक आणि हलके. एकोणीस श्वास. ते तिच्या ओळींच्या आधी एकेक नेऊन बसवले. तिसाव्या दिवशी ते पूर्ण झालं, म्हणजे माझ्या हातून आयुष्यात एक गाणं पूर्ण झालं. फाइल वेगळी काढून ठेवली आणि मेसेज केला, 'झालं. ये.'

दुसऱ्या दिवशी चार वाजता ती आली, सोबत भावोजी. गळ्याला रेशमी रुमाल बांधलेला, वजन उतरलेलं, डोळे मात्र तसेच, मी काहीतरी लपवतोय हे आधीच ओळखून बसलेले. "सकाळपासून एक शब्द बोललेली नाही," भावोजी म्हणाले. "दहा मिनिटं साठवून आणलीयेत." ते बाहेर बायकोशी बोलत बसले आणि ताई माझ्या खोलीत आली. चपला दाराशी काढल्या. मी तिला माझी खुर्ची दिली आणि गाणं लावलं.

तिने डोळे मिटले नाहीत. समोरच्या भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून, परक्याच्या घरी बसतात तशी बसून तिने सगळं गाणं ऐकलं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो आणि त्यात मला काही सापडेना. गाणं संपलं. लिफ्ट खाली गेल्याचं ऐकू आलं.

"छान गाते," ताई म्हणाली. "कोण आहे?"

मी पडद्यावरची फाइल बंद केली.

"आवाज ओळखीचा वाटतोय, पण नाही कळलं." ती माझ्याकडे वळली. "श्वास तुझे आहेत. भाता मारताना असाच घ्यायचास." तिने रुमाल जरा सैल केला. "आता माझं लाव."

खरं सांगायची ती वेळ होती. चार शब्द लागले असते. मी म्हणालो, "ते उघडत नाहीये, ताई. नवीन सॉफ्टवेअरमध्ये जुनं उघडतच नाही."

"कुठल्याच?"

"तीन बघितली."

ती रडेल अशी मला भीती होती, तिने माझ्या गालावर हात ठेवला असता तर तेही मला सोसलं नसतं, पण तसं काही झालं नाही. ती उठली. हातातल्या बांगड्या काढल्या, दोनच होत्या आता, आणि कीबोर्डच्या डाव्या कडेला ठेवल्या, त्याच जागी. "मग आत्ताचा घे," ती म्हणाली. "हाही जायचा एखाद वेळी. कुठे उभी राहू?"

मी मायक्रोफोन तिच्या उंचीला आणला, पंखा बंद केला, करडं उघडलं. नवी पट्टी, पिवळा रंग. ती डोळे मिटून उभी राहिली, अनवाणी, आणि मी लाल बटणावर बोट ठेवलं. लाल बटण लाल नव्हतं. वरच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'चाचणीची मुदत संपली. ऐकता येईल, नोंदवता येणार नाही.' तिन्ही मी एकाच सकाळी उतरवली होती. तीस दिवसांत एकही घेतलं नव्हतं.

"घेतोयस ना?" ती म्हणाली.

थांब म्हणायला हवं होतं. पण तिने आत श्वास ओढायला सुरुवात केली होती, तो किती लांबून ओढावा लागत होता ते दिसत होतं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हो."

ती गायली. पत्र्यावरची वाळू तशीच होती, वरचे सूर लागतच नव्हते, तिथे ती नुसते शब्द म्हणायची. पण पहिल्या ओळीच्या शेवटी गंधार आला, आणि तो खालून आला. एक केस खाली, ढकलून बघत, आणि तिथेच राहिला. तोच. गळा गेला, पट्टी गेली, तो मात्र कुठे गेलाच नव्हता. पडद्यावरची रेघ जागची हलत नव्हती. दुसऱ्या कडव्यात मला आठवलं की माझ्या खिशात फोन आहे, त्यावर कोणीही काहीही नोंदवू शकतं, शेंबड्या पोरालाही माहीत असतं ते. पण तो काढताना तिने डोळे उघडले असते तर 'हो' म्हणालो ते खोटं होतं हे तिला कळलं असतं. मी दोन्ही हात टेबलावर ठेवून बसलो. चारही कडवी तिने पूर्ण केली. शेवटी खोकला आला, तो तिने मायक्रोफोनपासून तोंड वळवून काढला.

"आलं का नीट?"

"आलं."

तिने बांगड्या उचलल्या, एकेक करून हातात चढवल्या. भावोजी दारात येऊन उभे होते, त्यांनी घड्याळ दाखवलं. चप्पल घालताना ती माझ्याकडे बघायची तशी तिने बघितलं, आणि उरलेल्या मिनिटातली शेवटची ओळ म्हणाली.

"या वेळी काही दुरुस्त करू नकोस हं, बारक्या."

"नाही करत," मी म्हणालो.